टाचेनं चालणारी काकू

काकू माळवदावर टाचेनं चालायची. घरात, शेतात ती तुमच्याआमच्यासारखीच चालायची. पण शिडी चढून छतावर गेली की टाच आपटत एकेक पाऊल टाकायची आणि मान वाकडी करून ऐकायची. आवाज पोकळ आला की तिथं खुणेला शेणाचा ठिपका. "हितं उंदरानं संसार मांडलाय," ती वरून सांगायची. "आता माती टाकल्याबिगर जमायचं न्हाई."

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात ती आमची शेजारीण. तिचं आणि तिच्या पुतण्याचं, बाळूचं, घर खाली वाटलेलं होतं. वरचं मातीचं सपाट माळवद मात्र एकच. पावसाळ्याआधी दोघांच्या वाट्यांवर एकाच दिवशी पांढरी माती पसरून बडवायची, असा रिवाज. बाळूची आई वर्षभर काकूशी बोलायची नाही, पण त्या दिवशी घमेलं तिच्याच हातात द्यायची. "तोंड ठेव बंद," काकू चिडवायची, "पन्हाळ तेवढी मोकळी कर."

मग बाळूनं आपला वाटा पाडून उंच स्लॅब टाकला. रस्त्याच्या बाजूला त्याचा ओटा, म्हणून स्लॅबवरच्या पाण्याचा पाइप काढला काकूच्या माळवदावर. मातीचं छत स्वतःवरचा पाऊस पेलतं, दुसऱ्याच्या छताची धार नाही. धारेखाली खड्डा पडायचा, काकू तो भरायची.

"बाळू, तेवढा पाइप वळव बाबा."

"वळवतो ना काकू. मिस्त्री आला की पहिलं तेच काम."

तो खोटारडा नव्हता. सणाला पहिलं ताट तिच्याकडे पाठवायचा. पाइप तेवढा राहून जायचा. अन्याय असा हसतमुख असला की त्याच्याविरुद्ध घोषणाही देता येत नाही. मी ग्रामपंचायतीत अर्ज केला. उत्तर मिळालं, घरातलं भांडण घरात मिटवा. मी पत्रक छापून वाटलं. काकू माझ्यावरच भडकली. "माझा पुतण्या हाय तो. गावात त्याची मान खाली घालतो का रं?" उरलेली पत्रकं तिनं चुलीसाठी मागून नेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बरी जळतात."

दरवर्षी खड्डा मोठा, दरवर्षी माती जास्त. खालची तुळई त्या ओझ्यानं वाकत चालली होती आणि ते काकूला माझ्याआधी दिसत होतं. "माती न्हाई टाकली तर गळून राह्यलं, टाकली तर वाकून राह्यलं. मंग सांग, तुझ्या कागदात काय लिहिलंय?"



गेल्या पावसाळ्यात एका दुपारी तुळई मोडली. काकू अंगणात होती म्हणून वाचली. बाळू धावत आला, रडला, तिला हाताला धरून स्वतःच्या घरी घेऊन गेला. मागची खोली दिली, नवी गादी आणली. पण त्या खोलीच्या खिडकीत पाइपाच्या धारेचे शिंतोडे यायला लागले. आठवड्याच्या आत मिस्त्री आला आणि पाइप रस्त्याकडे वळला.

यंदा पावसाच्या तोंडावर काकू मला स्लॅबवर दिसली. साधी, सगळं पाऊल टेकवून चालत होती. मी खालून विचारलं, "काकू, टाच?"

"हे काही बोलत न्हाई बाबा. उगं आपली टाच दुखती."

एका बाजूला तिच्या घराचा ढिगारा, त्यावर गवत. तिकडे तिनं पाहिलं नाही. उतरण्याआधी ती वाकली, बाळूच्या पाइपाच्या तोंडाशी अडकलेला पाला बोटांनी ओढून काढला आणि पदराला हात पुसला.