तळमजल्यावरच्या बाईंची बाजू

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस विरारच्या आमच्या सोसायटीत तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक मी एकटाच. सार्वजनिक आरोग्य आणि नीती हा माझा विषय. रुग्णाची माहिती कुणाला, किती सांगावी यावर मी परिषदांमधून तासन्‌तास बोलत असे. सोसायटीत मात्र माझा उपयोग एकच, नोटिशीतल्या चुका तपासणे. त्याचाही मला वैताग होता.

त्या रविवारी गच्चीवर सभा भरली. विषय टँकरच्या पाण्याचा, पण चेअरमननी मध्येच वेगळी काडी टाकली. बिल्डिंगमध्ये कुणाला तरी टीबी आहे, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

"सगळ्यांनी एक्सरे आणून दाखवायचे. जो दाखवणार नाही, तोच तो!"

लगेच माना डोलल्या. टँकरवरून तासभर भांडणाऱ्या माणसांचं एवढं एकमत पाहून माझं डोकंच फिरलं.

मी उठलो. आजार ही माणसाची खाजगी गोष्ट आहे, भीतीपोटी कुणाला उघडं पाडायचा अधिकार बहुमतालाही नाही, असं ठणकावून सांगितलं.

चेअरमन म्हणाले, "सर, हे कॉलेजात ठीक आहे हो. इथे लहान मुलं आहेत. उद्या लागण झाली तर?"

"कसली लागण?" मी ओरडलो. "तळमजल्यावरच्या बाईंना औषध सुरू होऊन चार महिने झाले. आता त्यांच्यापासून धोका नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. मी स्वतः वाचलाय कागद!"

त्यानंतर एक्सरे कुणीच मागितले नाहीत.

तो कागद इंग्रजीत होता, म्हणून बाईंनी विश्वासाने माझ्याकडून वाचून घेतला होता. त्या एकट्या राहत, बिल्डिंगमधल्या नोकरदारांना पोळीभाजीचे डबे देऊन घर चालवत. सभेला त्या नव्हत्याच. भाडेकरूंना सभेला बोलावतच नसत.

दुसऱ्या दिवसापासून डबे बंद झाले. मी दारोदार जाऊन समजावलं. सगळे म्हणत, "पटतंय सर," आणि डबा काही मागवत नसत. त्यांचा संताप येई, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

महिनाअखेरीस बाईंनी जागा सोडली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी खाली जाऊन त्यांची माफी मागितली. मग मी नवा पत्ता विचारला. म्हटलं, काही अडचण आली तर मी येईन.

"नको सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिथेही माझी बाजू घ्याल."