रिकाम्या पिशव्या

रोपघरात सगळेच तिला मावशी म्हणत. माझी मात्र ती सख्खी मावशी, आईची धाकटी बहीण, आणि तिच्याच शब्दावर मला तिथे नोंदी ठेवायची नोकरी लागली होती. हे मी कुणाला सांगत नसे. मावशी सगळ्यांना सांगे.

तिचं काम फुलांची लग्नं लावायचं. कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर अलगद काढायचे, दुसऱ्या रोपाचा पराग मधल्या टोकाला लावायचा आणि वर कागदी पिशवी चढवून दोरा बांधायचा. बावीस वर्षं तिने हेच केलं. आमची रोपं भारी मानी. पराग आणि तो घेणारं टोक एकाच फुलात, पण ते टोक स्वतःच्या परागाला ओळखायचं आणि दारातूनच परत पाठवायचं. परक्याचाच हवा. मावशी म्हणायची, "एवढा ताठा आपल्या घरात फक्त तुझ्या आईला."

दर रोपावर काही फुलं हात न लावता नुसती पिशवीत बंद ठेवलेली असत. त्यांत शेंग धरायला नको. धरली, तर बाहेरचा पराग आत गेला, म्हणजे काम करणारीचा हात अस्वच्छ, असं आम्ही सगळेच धरून चालायचो. मावशीच्या शेजारी बसणारी एक बाई अशा दोन शेंगांपायी कामावरून गेली होती. मावशीच्या त्या पिशव्या कायम रिकाम्या निघत. मी रजिस्टरात शून्य लिहायची आणि तिची मान ताठ व्हायची.

मग तिला मोतीबिंदू झाला. तिने तो लपवला. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तर "मुद्दाम घातलंय, पी" म्हणाली. मी हसले आणि तो कप बेसिनमध्ये ओतला. तेव्हाच खोदून विचारायला हवं होतं.

पुढे दोन वर्षांनी रोपघरातला संशोधन प्रकल्प बंद झाला. निरोपाच्या चहाला प्रकल्पाच्या प्रमुख, आमच्या शास्त्रज्ञ डॉक्टरबाई, बोलायला उभ्या राहिल्या. सहा वर्षं त्या एकच गोष्ट शोधत होत्या: स्वतःचा पराग ओळखणारा जनुक बिघडलेलं रोप. असं रोप एकट्याने बी धरतं. जिथे मधमाशी फिरकत नाही तिथे तेच तगतं, त्याचीच पिलावळ पसरते आणि पिढ्यान्‌पिढ्या फुलं लहान होत जातात, कारण आता नटायचं कुणासाठी? असं रोप मिळालं नाही, पण मावशींच्या हाताला तोड नाही, असं त्या म्हणाल्या. "खरं सांगते, रिकाम्या पिशवीत एक जरी शेंग धरली असती ना, तर मी इथे नाचले असते."

सगळे हसले. मावशी हसली नाही. तिने मला दंडाला धरून बाहेर नेलं.

तिसऱ्या रांगेतलं सातवं रोप, ती म्हणाली. गेल्या दोन्ही हंगामांत त्याच्या बंद पिशव्यांत शेंगा धरल्या होत्या. डोळे गेले, हात चुकला, आता आपलीही पाळी, असं समजून तिने त्या कोवळ्या असतानाच खुडल्या आणि घरच्या कचऱ्यात टाकल्या.

"बाई काय शोधतायत, ते तुला ठाऊक होतं?"

"हो."

प्रत्येक अहवाल मीच टाइप केला होता.

"मग मला का नाही सांगितलंस?"

मला कधी सुचलंच नव्हतं. जिच्या हातात चिमटा, तिलाही कशासाठी ते कळायला हवं, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. त्याची मला आजही लाज वाटते. तेव्हा तर मी त्याहून वाईट वागले. म्हटलं, गप्प बस, सगळं संपलंय, आता कोण विचारतंय. मावशी सरळ डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. मी मागोमाग.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सगळ्या शेंगा त्या एकाच रोपावर?"

"हो."

"दुसरीकडे कुठे एकही नाही?"

"नाही."

"मग तुमचा हात चुकला नव्हता, मावशी. चुकला असता तर शेंगा कुठेही धरल्या असत्या."

मावशी तिथल्या स्टुलावर बसली आणि रडली. आईच्या आजारपणातही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. गेल्याच सोमवारी सगळी रोपं उपटून जाळली होती. सातव्यात वेगळं काही दिसलं नाही म्हणून त्याचं बीही राखलं नव्हतं. जाळायच्या यादीवर सही माझी होती.

"किती होत्या?" बाईंनी विचारलं.

मावशीने पदराने डोळे पुसले. तिला एकेक शेंग आठवत होती. "पहिल्या वर्षी सात. नंतर बारा."

मी रजिस्टर आणलं. सातव्या रोपापुढे दोन्ही वर्षांची शून्यं होती, माझ्याच अक्षरात, ठसठशीत. मावशी वाकून बघू लागली, पण तिला ती दिसेनात. मग तिने पानावर बोट ठेवलं, चुकीच्या ओळीवर. मी ते हळूच उचलून योग्य जागी ठेवलं.

"लिही," ती म्हणाली.