डाव्या कडेची लाल गाडी

निशिगंधा आयर्लंडमधल्या डंडॉकमध्ये नवीन होती, तेव्हाची म्हणजे २०१५ची गोष्ट. कोर्टासमोर रस्त्याच्या कडेला लाल गाडी लावून ती उतरली, तोच एक ज्वालामुखी चालत आला. त्याच्या एका हातात ब्रश होता, दुसऱ्या हातात ब्रश होता आणि तिसरा दातांत. कबुतरं उडाली, बस थांबली, आणि कोर्टाच्या पायऱ्यांवरच्या एका आरोपीने मुकाट्याने आत जाऊन गुन्हा कबूल केला, असं निशिगंधा आजही शपथेवर सांगते.

"आठ दिवस या रस्त्याचं चित्र रंगवतोय," दातांतला ब्रश काढून ज्वालामुखी म्हणाला, "आणि तू त्यावर गाडी ठेवलीस."

"रस्ता नगरपालिकेचा आहे."

"आज आहे. उद्या माझा."

दुसऱ्या दिवशी तिने शहाण्यासारखी गाडी दुसरीकडे लावली, तर संध्याकाळी हा दारात हजर. रागाच्या भरात त्याने गाडी चित्रात काढायला घेतली होती, आणि त्या लाल रंगाने चित्राची डावी कड एकदम जागी झाली होती. आता गाडी निम्मी झाली होती आणि उरलेली निम्मी त्याला हवी होती. त्यानंतर दर रविवारी सकाळी गाडी जागेवर उभी करणं आलं.

"तू डोळ्यांची डॉक्टर आहेस की पार्किंगची ठेकेदार?" तिचा नवरा अभिजित विचारायचा.

हा ज्वालामुखी म्हणजे लिव्हियो, मूळचा व्हेनिसजवळचा. आजा आणि बाप पर्यटकांसाठी कालवे रंगवून जगले. हा नोरीन नावाच्या आयरिश मुलीच्या मागे इथे आला, संध्याकाळी तिच्या भावाच्या दुकानात मासे तळू लागला आणि दिवसा गावं रंगवू लागला. गॉलवे, कॉर्क, द्रोहेडा, सगळी अगदी वीट न् वीट खरी, फक्त वर आभाळ व्हेनिसचं. "ग्रँड आहे रे," दुकानदार म्हणायचे, "पण एवढं ऊन पडलं असतं तर आम्ही विकायला काढलं असतं." नोरीन गेली, तळण सुटलं. उरलं हे शेवटचं मोठं चित्र.

एका रविवारी निशिगंधाने पाहिलं, चित्राच्या मधले दिव्याचे खांब वाकडे होते.

"हे असे का?"

"नगरपालिकेचं काम."

तिने त्याला दवाखान्यात ओढून नेलं. दृष्टीचा मधला भाग झिजत चालला होता. समोरचं पुसलं जाणार होतं, कडेकडेचं तेवढं दिसत राहणार होतं.

"औषध?"

"नाही, सिन्योर."

"चित्र पुरं होईल?"

"सांगता येत नाही."

"मग रविवारी जरा लवकर येत जा."

तीन वर्षं ती रविवारी गाडी घेऊन जात राहिली. चित्रात कोर्टाचे खांब एकमेकांत मिसळले, माणसांचे चेहरे विरघळले, आभाळ राखाडी झालं. गावकरी खूश, म्हाताऱ्याला अखेर आयर्लंडचं आभाळ जमलं म्हणून. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. डावी कड मात्र तो मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून रंगवायचा. तिथे गाडीच्या दाराचा पोचाही उतरला, आणि काचेमागे मोहरीएवढा गणपती.

"दोत्तोरेसा, डॉक्टरीणबाई," तो एकदा म्हणाला, "मी चाळीस वर्षं इथे आहे, तरी लोक मला तो इटालियन म्हणतात. तुलाही कुठली म्हणून विचारतीलच. पण गावाच्या चित्रात जो आला तो गावचा. त्याला कोणी कुठला म्हणून विचारत नाही."

 त्यानंतर निशिगंधाने एकही रविवार चुकवला नाही. अभिजित नवी गाडी घेऊ म्हणाला, तर ती ऐकेना.

२०१८च्या शेवटी चित्र पुरं झालं. एका दंतवैद्याने ते आपल्या दवाखान्यात लावायला विकत घेतलं आणि लिव्हियो स्वोर्ड्सच्या वृद्धाश्रमात गेला. वर्षभराने दाढ दुखायला लागली तेव्हा ती त्या दवाखान्यात गेली. गालावर हात धरून बराच वेळ चित्रासमोर उभी राहिली.

पुढच्या रविवारी ती वृद्धाश्रमात भेटायला गेली, तेव्हा लिव्हियोने विचारलं, "पाहिलंस? गाडी कशी दिसते?"

"ग्रँड," निशिगंधा म्हणाली.

दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर जागा कमी पडली, म्हणून फ्रेमवाल्याने चित्र डावीकडून वीतभर कापलं होतं.