लॉट चौदाचा मेल

परब सर आज सकाळी गेले. आणि हे लिहिताना मला माझ्या नोकरीची भीती वाटतेय.

लाज वाटायला हवी, पण खरं ते सांगते. मी मुळातच भित्री आहे.

आमचा नांदगावजवळ आंब्याच्या पल्पचा कारखाना. माल परदेशात जातो. परब सर एक्सपोर्ट बघायचे, मी त्यांच्या हाताखाली. मेलची ती गोष्ट घडली तेव्हा मला कामाला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. वैभववाडीहून यायचे, आणि घरात टेबलखुर्चीची नोकरी करणारी मी पहिलीच. बाबा लेकीचं कौतुक सगळ्यांना सांगत सुटले होते, "आमचा चेडू फॉरेनच्या लोकांवांगडा बोलता!"

बोलता कसलं! फोन वाजला की मी बाथरूम गाठायचे.

मेलचं मात्र बरं असतं. मेलमध्ये आवाज थरथरत नाही.

लॉट चौदा भरून तयार होता. कंटेनर गेटवर उभा. मला परदेशातल्या गिऱ्हाइकाला एवढंच विचारायचं होतं की ड्रमच्या लेबलवर आधी दिवस लिहायचा की आधी महिना. सर जेवायला गेले होते, म्हणून मीच लिहिलं.

'वुई हॅव वन डाऊट अबाऊट लॉट फोर्टीन.'

खाली 'एक्सपोर्ट टीम'. आमचा आयडी सगळ्यांचा एकच होता.

तुम्हीच सांगा, यात काय चुकलं? शाळेत हात वर करून आपण काय म्हणायचो? "बाई, माका एक शंका आसा." कॉलेजात गेल्यावर त्या शंकेचा डाऊट झाला. मला तर वाटत होतं, 'डाऊट' हा 'क्वेश्चन'पेक्षा जास्त नम्र शब्द आहे.

अर्ध्या तासात उत्तर आलं. तुम्हाला मालाबद्दल कसला संशय आहे? माल पाठवू नका. आधीचे लॉटही आम्ही थांबवतोय. चार वाजता कॉलवर या.

मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनाशी झाली.

आमचे मालक, शेठ, वरच्या ऑफिसातून खाली आले ते ओरडतच. "हा मेल ज्याने लिहिलाय त्याने उद्यापासून कामावर यायचं नाही!"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण आवाजच फुटला नाही.

तेवढ्यात दारातून सर म्हणाले, "मी लिहिला, शेठ."

शेठ त्यांच्याकडे वळले. "परब, तुम्ही? इतक्या वर्षांनी?"

"चुकलं. चारच्या कॉलवर मीच बोलतो."

शेठ वर गेल्यावर मी रडायला लागले. सर हळू आवाजात म्हणाले, "गप रव. तुझे तीन महिने झाले, तुका काढतीत. माका नाय काढूचे."

मग त्यांनी ड्रॉवर उघडला. आत रद्दी लेबलांचा गठ्ठा. प्रत्येकाच्या पाठीवर देवनागरीत इंग्रजी वाक्यं. 'गुड आफ्टरनून सर, दिस इज परब.' 'कॅन यू प्लीज रिपीट, लाईन इज नॉट क्लिअर.' ही लाईनवाली चिठ्ठी तर हाताळून हाताळून मऊ झाली होती.

सरांना इंग्रजी येतं असंच मी समजत होते.

"तुका काय वाटता, माका भीती वाटणा नाय? इतकी वर्सां झाली, फोन वाजलो काय अजून आधी ही चिठ्ठी शोधतंय."

चार वाजता स्पीकर लावला. समोर शेठ बसलेले; त्यांना स्वतःला इंग्रजी बोलता येत नव्हतं. सरांनी हातातली चिठ्ठी टेबलावर ठेवून तळहाताने दाबून धरली.

"सर, इन अवर लँग्वेज, डाऊट अँड क्वेश्चन, सेम वर्ड. शंका. माल इज गुड. ओन्ली क्वेश्चन. माय मिस्टेक."

उत्तर येईपर्यंत मी बसच्या पासचे उरलेले दिवससुद्धा मोजले.

मग पलीकडचा माणूस म्हणाला, "ओके. सो व्हॉट इज द क्वेश्चन?"

आधी दिवस की आधी महिना? आधी दिवस. संपलं.

कंटेनर संध्याकाळी सुटला.

शेठनी सरांना काढलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांना ड्रमच्या गोडाऊनला पाठवलं आणि एक्सपोर्टचा फोन माझ्या टेबलावर आला. का, तर माझं इंग्रजी चांगलं!

कारखान्यात सरांचं नाव 'डाऊट सर' पडलं. चहाच्या वेळी कोणीतरी हाक मारायचं, "डाऊट सर, काय शंका?" ते नुसते मान हलवायचे.

एकदा मीही हसले. सगळे हसत होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग चहा संपवून उठून गेले.

मी नंतर गोडाऊनमध्ये जाऊन म्हटलं, "सर, मी शेठना सांगते." ते ड्रम मोजत होते. म्हणाले, "सांगा नको गो. झाला तां झाला. तू फोन घेतंस मां? मग बरा."

मला तेच हवं होतं. मी सुटल्यासारखी परत आले. त्याची मला आज किळस येतेय.

आज दुपारी मिठबावला, सरांच्या घरी, अंत्यदर्शनाला गेले होते. अंगणात शेठ सरांच्या पत्नीला, काकींना म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. फक्त इंग्रजीत कच्चा पडला."

काकी खाली बघून म्हणाल्या, "होय ओ. इंग्रजी तेंका कधी जमलीच नाय."

मी दोन पावलांवर उभी होते. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा आवाज नाही.

माझ्या वॉलवर आवाज लागत नाही, म्हणून इथे लिहितेय. घरचा हप्ता आहे, बाबांची औषधं आहेत, सगळं डोळ्यांसमोर येतंय.

शेठ, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात. लॉट चौदाचा मेल परब सरांनी लिहिला नव्हता. मी लिहिला होता. त्यांनी फक्त तो निस्तरला, तुम्हाला येत नसलेल्या इंग्रजीत.

काकींना हे मी उद्या सकाळी स्वतः जाऊन सांगणार आहे.

त्यानंतर कामावर येऊ की नको, ते कळवा.

सर, तुम्हाला शेवटचा नमस्कार.