समाजमंदिराची चावी

पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या आणि त्याच सुमारास आमच्या कामातही मोठमोठे शब्द आले. 'लोकसहभागातून आपत्ती-जोखीम मूल्यमापन' हा त्यातलाच एक. म्हणजे काय, तर नाल्याकाठच्या वस्तीत जायचं आणि पाणी कुठून शिरतं, कोण अडकतं, कुठे पळायचं, हे तिथल्याच लोकांना विचारून कागदावर उतरवायचं. एका संस्थेत मी हे काम करत होते. मुलांचंही म्हणणं ऐकायचं, तो त्यांचा हक्क आहे, अशी अट होती आणि त्यासाठी फॉर्ममध्ये वेगळा रकाना होता. रकाना होता म्हणून मी ऐकलं. हे आज लिहितानाही माझाच राग येतो.

नकाशा जमिनीवर काढायची आमची पद्धत होती, पांढऱ्या फक्कीनं. मोठ्यांनी तो एका रविवारी काढला. पुरुषांनी सगळ्यात आधी काय काढावं? गणपतीच्या मिरवणुकीचा रस्ता. वळणांसकट, बिनचूक. मग नाला, मग घरं आणि शेवटी उताराच्या टोकाला समाजमंदिर, म्हणजे वस्तीतलं एकमेव पक्कं, सहा पायऱ्या चढून जायचं सभागृह. पाणी आलं की सगळ्यांनी तिथे जमायचं, हे एका मिनिटात ठरलं. चहा आला.

मुलांचा नकाशा मी दुसऱ्या दिवशी दुपारी काढून घेतला. मे महिन्याची सुट्टी होती. त्यांच्यात अकरा वर्षांची एक मुलगी होती. आई पलीकडच्या नव्या सोसायट्यांत कंपनीवाल्यांकडे धुणीभांडी करायची, ती सकाळी गेली की चारला परत. तोवर दहा महिन्यांचा भाऊ हिच्या कडेवर. तिनं समाजमंदिर काढलं आणि दारावर फक्कीचा एक मोठा गोळा टाकला.

"हे काय गं?"

"कुलूप."

मग तिनं समजावून सांगितलं. पावसाळा लागला की मंडळाची माणसं आत गणपतीचा देखावा बांधायला घेतात. शेजारच्या मंडळाला आधी कळू नये म्हणून खिडक्यांना वर्तमानपत्रं, दाराला कुलूप. चावी मंडळाच्या अध्यक्षांच्या खिशात आणि अध्यक्ष दिवसभर खडकीला कारखान्यात.

"दुपारच्याला पाणी आलं, तर मी ह्याला घेऊन कुठं जाऊ, ताई?"

मोठ्यांच्या नकाशात पूर यायचा तेव्हा सगळे घरात असायचे, कारण रविवार होता. मुलांच्या नकाशात कामाच्या दिवसाची दुपार होती आणि आया घरी नव्हत्या. इतकी साधी गोष्ट. ती मला शिकवायला अकरा वर्षांची मुलगी लागली आणि शिकूनही मी काय केलं?

अध्यक्षांना विचारलं. माणूस भला, कुणाच्याही अडीनडीला धावणारा. "अहो ताई, मी आहे ना! आणि पोरांचं काय मनावर घेता? आत शिरू देत नाही म्हणून बोलतात ती." मला ते पटलं. म्हणजे सोयीचं वाटलं. आमच्या साहेबांनी मुलांचं सगळं म्हणणं अहवालाच्या शेवटच्या प्रकरणात टाकलं, फक्कीनं माखलेल्या हातांच्या फोटोंसकट. फोटो सुंदर आले होते. 'सुरक्षित जागा' या रकान्यात मी माझ्या हातानं 'समाजमंदिर' लिहिलं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी मुलांकडून सरावही करून घेतला. शिट्टी वाजली की धावत समाजमंदिरात. मे महिना, दार सताड उघडं. ती मुलगी भावाला घेऊन सगळ्यांच्या आधी पोचली आणि मी टाळ्या वाजवल्या.

श्रावणात एका दुपारी धरणातून पाणी सोडलं, नदी फुगली आणि नाला मागे फिरून वस्तीत शिरला. त्या मुलीचं घर वरच्या अंगाला, मोठ्या रस्त्याला लागून. ती नुसती रस्त्यावर जाऊन उभी राहिली असती, तरी कोरडी राहिली असती. पण मी शिकवलं होतं ना! गुडघाभर पाण्यातून भावाला घेऊन ती उतार उतरून समाजमंदिराशी आली. कुलूप. तिनं दार बडवलं. पाणी पायरी पायरी चढत होतं. शेवटच्या पायरीवर पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं, तेव्हा एका भाजीवाल्या मावशींनी छातीभर पाण्यातून तरंगती हातगाडी ढकलत आणून दोघांना वर घेतलं. म्हणून ती दोघं आहेत.

मी संध्याकाळी पोचले. अध्यक्ष कारखान्यातून धावत आले होते. त्यांनी कुलूप काढलं आणि आत थर्माकोलचा किल्ला पाण्यात विरघळल्यासारखा पडलेला पाहून ते रडायलाच लागले. मला त्यांची कीव आली आणि कीव आली याचाच संताप आला.

आठवड्यानं बैठक झाली. दुसरी चावी करायची, असं सर्वानुमते ठरलं. ठेवायची कुणाकडे? खजिनदारांकडे. खजिनदार पहाटे मार्केट यार्डात हमालीला जातात, ते दुपार कलल्यावर येतात! मी ओरडले, "अहो, दिवसा वस्तीत असतं कोण? पोरं! नाहीतर ही म्हातारी माणसं! त्यांच्यातल्या कुणाकडे द्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईंचं बरोबर आहे, म्हणाले. आणि पोरांच्या हातात चावी गेली तर देखाव्याचं गुपित फुटेल, म्हणून खजिनदारांकडेच दिली.

पुढच्या मे महिन्यात साहेबांनी मला पुन्हा तिथेच पाठवलं. या वेळचा फॉर्म छापूनच आला होता, गेल्या वर्षीची फाइल उघडून नुसता सालाचा आकडा बदललेला. 'सुरक्षित जागा : समाजमंदिर.' मुलांनी फक्की घेतली. त्या मुलीनं नाला काढला, घरं काढली, वरचा रस्ता जाड काढला. उताराच्या टोकाला मात्र रिकामी जमीन.

"समाजमंदिर राहिलं की गं."

"राहिलं न्हाई." ती हात झटकत उठली. भाऊ आता चालायला लागला होता, त्याचं बोट तिनं धरलं. "आम्ही तिकडं जाणार न्हाई, ताई. तुम्ही शिट्टी वाजवली तरी."

शिट्टी तेव्हाही माझ्या गळ्यात होती.