उकळूनही न पांगलेल्या पाठराखिणी

माझी अक्कल नेमकी कुठे संपते, ते मला गोरेगावच्या आमच्या लॅबमध्ये कळलं. चहा घ्या, सांगतो.

मी पीएचडी करतो. आपल्या पेशीत डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. हे हिस्टोन भलते चिकट, एकटे सोडले की कुठेही जाऊन चिकटणार. म्हणून त्यांना जागेवर पोचवायला दुसरं एक प्रोटीन सोबत जातं, शॅपेरॉन. आमची आई मालवणची. तिला म्हटलं, नवरीबरोबर पाठराखीण जाते ना, तसं. तर ती म्हणाली, "मगे किती जणी जातत, ता सांग."

अहो, हाच तर माझा विषय! या पाठराखिणी द्रावणात एकेकट्या राहतात की घोळक्याने? आणि सरांनी बजावलं होतं, या महिन्यात उत्तर नाही आलं तर विषय बदलायचा. म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. झोप उडाली होती माझी.

तर मी स्टँडमधली ट्यूब उचलली आणि मशीनमध्ये लावली. हे मशीन द्रावणावर प्रकाश टाकून आतल्या कणांचा आकार सांगतं. बघतो तर काय, भलेमोठे गोळे! सगळे एका मापाचे! शेकडो पाठराखिणी एकत्र?

सर बाहेरगावी होते. फोनवर म्हणाले, थोडं मीठ वाढव, घोळका पांगेल. वाढवलं. ढिम्म. मग मीच प्रोटीन पचवणारं एन्झाइम घातलं. ढिम्म. शेवटी उकळलं, यार. उकळल्यावर अंड्याचंसुद्धा काहीतरी होतं ना? हे जसेच्या तसे.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाला शंका आली असती. मला अभिमान वाटला. घरी फोन केला, तर पप्पांनी दिंडोशीच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले.

सर परत आले. मी सगळ्यांसमोर स्लाइड लावून उभा. तेवढ्यात माझी ज्युनिअर सायली विचारत आली, मशीन तपासायची प्लास्टिकच्या बारीक मण्यांची ट्यूब कोणी घेतली का. झाकणावर लिहिलं होतं म्हणे. आता झाकण कोण वाचतं?

वाट लागली. माझं प्रोटीन तिथेच स्टँडमध्ये होतं, कोणी हातही न लावलेलं.

सरांनी स्लाइड बंद केली. मग शांतपणे म्हणाले, "विषयाचं नंतर बघू. मीठ चालेना, एन्झाइम चालेना, उकळूनही काही होईना. तेव्हा तुला वाटलं तरी काय?"

मी खरं तेच सांगून टाकलं.

"सर, मला वाटलं, प्रोटीन फारच झकास बनवलंय मी."