सगळ्या गावाला काकूंचे डोळे

काकूंच्या यजमानांचा फोटो स्टुडिओ होता, आणि या गृहस्थांना धीर नावाची चीज ठाऊक नव्हती. "हलू नका, तीन म्हटलं की काढतो," असं बजावायचे आणि दोनलाच बटण दाबून मोकळे. तीनपर्यंत वेळ आहे म्हटल्यावर माणूस निवांत पापणी मिटतो की नाही? मिटतोच. झालं, निम्मं गाव फोटोत झोपलेलं! दुसरा फोटो काढायचा तर पहिला चुकला हे कबूल करायला हवं, आणि तेवढं मात्र काकांच्याच्यानं उभ्या जन्मात झालं नाही.

मग निस्तरायचं कोणी? काकूंनी. खिडकीशी टेबल, त्यावर रंगाच्या वड्या आणि चार केसांचा ब्रश. मिटलेल्या पापण्यांवर काकू उघडे डोळे रंगवायच्या. नमुना हवा म्हणून समोर हातातला आरसा टेकवलेला असायचा. आता सांगा, डोळे कोणाचे उतरणार? काकूंचेच! जरा तिरपे, आणि डावा उजव्यापेक्षा अंमळ मोठा. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं, कारण ज्याचा फोटो त्याच्या घरात.

पुढे काका-काकूंच्या म्हातारपणी गावच्या वाचनालयाला जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायची हुक्की आली. जुना बाजार, पाण्याची टाकी, स्टेशनाबाहेरचे हमाल, बँकेतली मंडळी, नवरा-नवरी, सगळं एका भिंतीवर. पहिला थबकला तो न्हावी.

"अहो, ही नवरी बघा आणि हे पोस्टमास्तर बघा. बहीणभाऊ की काय?"

मग काय विचारता! जो तो फोटोला नाक लावून उभा. हमाल, हेडमास्तरीण, बँकेचा मॅनेजर, सगळी एकाच आईची लेकरं! हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. काका तर छाती पुढे काढून सांगत सुटले, "आमच्या हिचे डोळे आहेत ते!" जसं काही यांनीच घडवले होते.

हसली नाही ती एकटी शिवणवाली. स्टुडिओसमोरच्या बोळात तिचं दुकान. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गेली, आणि मागे राहिला तो आईचा एकच फोटो. तो मशीनच्या वर टांगलेला. कापड चुकीचं कापलं गेलं, नवऱ्याशी वाजलं, मुलगी पहिली आली, सगळं ती त्या डोळ्यांना सांगायची. संध्याकाळी ती फ्रेम छातीशी धरून काकूंच्या दारात आली.

"काकू, खरं सांगा. हे माझ्या आईचे डोळे आहेत का तुमचे?"

तुझ्या आईचेच गं, म्हटलं की विषय संपला असता. पण फोटोतला डावा डोळा चांगला मोठा होता. "माझे गं बाई," काकू म्हणाल्या आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग माझ्या आईचे कुठं आहेत?"

"खाली आहेत. मिटलेले."

"पुसा."

"वेडी का खुळी? हेही जातील आणि हाती काही राहायचं नाही!"

"पुसा म्हणते ना."

"अगं, फोटो बिघडेल," काकांनी मध्येच तोंड घातलं.

"बिघडायचा तो तुम्ही दोनलाच बिघडवलात!" काकू कडाडल्या. काका स्टुलावर जाऊन बसले.

काकूंनी काच काढली, कापूस ओला केला आणि स्वतःचे डोळे हलक्या हातानं टिपून काढले. पहिला गेला, मग दुसरा. खालून निघाल्या घट्ट, अगदी आवळून मिटलेल्या पापण्या. नाकावर सुरकुती पडलेली. एवढी वर्षं करारी वाटणारी ती बाई खरं तर हसू दाबत होती.

शिवणवाली बघतच राहिली. "अगंबाई! ही तर मीच!"

"म्हणजे?"

"अहो, माझा एक म्हणून फोटो धड नाही. कॅमेरा दिसला की माझे डोळे अस्से मिटतात, नाक अस्संच वर जातं. नवरा दर वेळी डोक्याला हात लावतो, म्हणतो, कुणावर गेलीस गं तू?" तिला हुंदका आवरेना आणि हसूही आवरेना. ओल्या फोटोवरून तिनं बोट फिरवलं. "आता सांगते त्याला, कुणावर गेले ते."